पदरात टाकलेलं पोर

सोलापूरच्या एसटी स्थानकावर अक्कलकोटची गाडी लागली की आधी खिडकीतून रुमाल, पिशव्या आत पडतात आणि मग माणसं चढतात. गुरुवारी तर उभं राहायलाही जागा नसते. चाळीस किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना काळं रान, त्यात तूर आणि ज्वारी. सोलापूर सोडताना गाडीत मराठी बोललं जात असतं. अर्ध्या वाटेवर एखाद्या फाट्याला चार बायका चढतात आणि पुढचा प्रवास कानडीत होतो. भाडं मात्र दोन्ही भाषांत त्याच सुरात मागितलं जातं.

यातली बहुतेक माणसं स्वामी समर्थांकडे निघालेली असतात. वटवृक्ष मंदिर, स्वामींचे भक्त चोळप्पा यांच्या घराजवळची समाधी, अन्नछत्रातला प्रसाद आणि संध्याकाळची परतीची गाडी, असा त्यांचा दिवस ठरलेला. ज्या गावात ती उतरतात ते अडीचशे वर्षं एका राजघराण्याचं गाव होतं, हे त्यांच्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात असतं. अक्कलकोटचे भोसले या घराण्याची गोष्ट स्वामींच्या आधी दीडशे वर्षं सुरू होते, आणि तिची सुरुवात अक्कलकोटात होत नाही.

ती होते औरंगाबादच्या मुलखातल्या पारद नावाच्या गावात, १७०७ साली.

त्या वर्षाच्या मार्च महिन्यात औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. संभाजीमहाराजांचे पुत्र शाहू तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचे होते, आणि त्यांतली सतरा-अठरा वर्षं त्यांनी मोगलांच्या छावणीत कैदेत काढली होती. उत्तरेकडे निघालेल्या आझमशहानं माळव्यात त्यांना सोडलं, पण एकट्याला. आई येसूबाई ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिल्या. आईला मागं ठेवून हा तरुण दक्षिणेकडे निघाला. पुढे चुलती ताराबाईंचं सैन्य उभं होतं. वाटेतले पाटील, देशमुख, गढीवाले कोणाच्या बाजूचे, हे रोज नव्यानं कळत होतं.

पारदच्या लोखंडे पाटलांनी दार लावून घेतलं. लढाई झाली, माणसं मेली, पाटीलही पडला. गाव हाती आल्यावर पाटलाची विधवा बाहेर आली. तिच्या कडेवर लहान मुलगा होता, राणोजी. तिनं तो शाहूंच्या पुढ्यात टाकला. ज्यांनी नवऱ्याला मारलं त्यांच्याच पदरात तिनं पोर घातलं.

मराठी मुलखात असल्या प्रसंगाला अर्थ होता. शरण आलेल्याला मारायचं नाही आणि पदरात पडलेलं टाकायचं नाही, हा रिवाज. तरी शाहूंनी जे केलं ते रिवाजाच्या पलीकडचं होतं. अभय देऊन, गावची पाटीलकी पुन्हा बांधून देऊन त्यांना पुढे जाता आलं असतं. त्यांनी मुलगा उचलून बरोबर घेतला, त्याला आपलं आडनाव दिलं आणि घरी परतण्याच्या वाटेवरची पहिली फत्ते म्हणून त्याचं नाव ठेवलं फत्तेसिंह. स्वतःच्या आईला शत्रूच्या हाती ठेवून आलेल्या मुलासमोर एका आईनं आपला मुलगा टाकला होता, ही गोष्ट कुठल्या बखरकारानं अधोरेखित केलेली असो वा नसो, ती डोळ्यांआड करून हा प्रसंग वाचताच येत नाही. येसूबाई सुटून आल्या त्या १७१९ साली. तोवर लोखंड्यांचं पोर साताऱ्याच्या वाड्यात भोसला म्हणून वाढत होतं.

त्याला वाढवलं विरूबाईंनी. शाहूमहाराजांच्या लग्नाच्या राण्या वेगळ्या होत्या, पण घरातला मुख्य शब्द विरूबाईंचा. दरबारी मंडळी त्यांना मान देत आणि महाराजांच्या खाजगीचा कारभार त्यांच्या हातून चाले. फत्तेसिंह त्यांना मुलासारखा होता. १७४० च्या डिसेंबरात विरूबाई वारल्या, तेव्हा त्यांचे अंत्यसंस्कार मुलगा म्हणून त्यानंच केले. एका आईनं पदरात टाकलेला, दुसरीनं पोसलेला असा हा मूळपुरुष. घराण्यांच्या वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरत जातात, पण अक्कलकोटच्या वंशावळीच्या अगदी वरच्या टोकाला दोन बायका उभ्या आहेत.

फत्तेसिंह वाड्यातला लाडका म्हणून बसून राहिला नाही. १७२५ च्या सुमारास कर्नाटकाच्या स्वाऱ्या निघाल्या, चित्रदुर्गाकडे आणि मग श्रीरंगपट्टणाकडे. त्यांचं सेनापतीपण त्याच्याकडे होतं. बरोबर थोरले बाजीराव होते. पण त्याच्या आयुष्यातली मोठी मोहीम १७४० ची. नागपूरकर रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले दक्षिणेत उतरले. मे महिन्यात दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्तअली त्यांच्याशी लढताना मारला गेला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्रिचनापल्लीचा किल्ला पडला, चंदासाहेब हाती लागला आणि त्याला कैद करून साताऱ्याकडे आणलं गेलं. किल्ला मुरारराव घोरपड्यांच्या ताब्यात देण्यात आला. पुढे दहा वर्षांत ज्या चंदासाहेबाच्या नावावर फ्रेंच आणि इंग्रज एकमेकांशी भिडले तोच हा, आणि मधली काही वर्षं त्यानं मराठ्यांच्या कैदेत काढली होती. दक्षिणेच्या इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत या मोहिमेचं श्रेय बहुधा रघूजींना एकट्याला मिळतं. जोडीचं दुसरं नाव अक्कलकोटचं होतं, हे सोलापूर जिल्ह्यातल्या शाळेत तरी शिकवायला हवं.

शाहूमहाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. मागं औरस मुलगा नव्हता. पोटच्या मुलासारखा वाढवलेला फत्तेसिंह हयात होता, कर्तबगारही होता, पण गादी त्याच्याकडे गेली नाही. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजाला ती मिळाली. पुढे खुद्द ताराबाईंनीच तो खरा नातू नाही असं जाहीर केलं. साताऱ्यात या रक्ताच्या खऱ्याखोट्याचा गोंधळ चालला असताना फत्तेसिंह शाहूंनी दिलेल्या जहागिरीवर, अक्कलकोटात होता. १७६० साली तो वारला. त्यालाही मुलगा नव्हता, म्हणून त्यानं पुतण्या दत्तक घेतला, शहाजी. लोखंड्यांच्या घरातला मुलगा. पारदहून उचललेल्या पोरानं वारस शोधला तो पुन्हा पारदच्याच रक्तात, आणि तोही भोसलाच झाला.

नातं दिल्यानं होतं आणि दिलेलं नातं पुढे चालवता येतं, हे या घराण्यानं पहिल्या दोन पिढ्यांतच दाखवून दिलं. पुढच्या काळात याच गोष्टीवर राज्यं तरणार आणि बुडणार होती.

जगात इतरत्र जुनी घराणी कशावर उभी राहिली ते पाहिलं की हा फरक उठून दिसतो. हंगेरीतले एस्टरहाझी घ्या. गालांता या गावावरून ते स्वतःला गालांताचे म्हणवत, जसं आपल्याकडे 'कर' लागतं. त्यांच्या पदरी हायडन संगीतकार म्हणून १७६१ साली लागला आणि जवळजवळ तीस वर्षं चाकरीत राहिला. तिथल्या उमरावांच्या जमिनीचा कायदा १३५१ चा, राजा लायोशच्या वेळचा: जमीन कुळाची, विकता येणार नाही, आणि कुळात पुरुष उरला नाही तर ती राजाकडे परत. मुलगा नसलेल्या उमरावाला एखाद्या वेळी राजाकडून मुलीलाच कागदोपत्री 'मुलगा' ठरवून घ्यावं लागे. म्हणजे सगळी भिस्त रक्तावर, आणि रक्त आटलं की सरकारजमा. पाचशे वर्षं चाललेला हा नियम हंगेरीच्या सुधारकांनी मोडीत काढला तो १८४८ च्या एप्रिलमधल्या कायद्यांनी. राजाची मंजुरी आली ११ एप्रिलला.

त्याच एप्रिलच्या ५ तारखेला साताऱ्यात छत्रपती आप्पासाहेब वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी व्यंकटराव नावाचा मुलगा दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीला गव्हर्नर जनरल होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. त्यानं दत्तक मान्य करायला नकार दिला. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी खालसा करू नये असं लिहून कळवलं, पण त्यांचं चाललं नाही. सातारा खालसा झाला. आधीचे छत्रपती प्रतापसिंह १८३९ सालीच पदच्युत झाले होते आणि काशीत वारले होते. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घालत होते. कशाचाच उपयोग झाला नाही. युरोपच्या एका कोपऱ्यात निपुत्रिकाची जमीन राजाकडे जाण्याचा जुना कायदा मोडत होता, त्याच आठवड्यांत इथे तो नव्यानं लागू होत होता.

आणि अक्कलकोट? साताऱ्याचा दत्तक पुत्र म्हणून जन्मलेलं हे संस्थान शाबूत राहिलं. साताऱ्याच्या हाताखालचे औंध, भोर, फलटण, जत आणि अक्कलकोट हे जहागीरदार आता थेट इंग्रजांचे मांडलिक झाले. औंध-फलटणचं काम साताऱ्याच्या कलेक्टरकडे आणि अक्कलकोटचं सोलापूरच्या कलेक्टरकडे आलं. देणारं घर दत्तकावरून बुडालं. घेतलेलं मूल तगलं. पुढे १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी धोरण बदललं, संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या आणि त्यातली एक अक्कलकोटलाही मिळाली. साताऱ्याला जे नाकारलं ते अक्कलकोटला कागदावर लिहून मिळालं. या कागदाचं मोल अक्कलकोटकरांइतकं दुसऱ्या कोणाला कळलं असेल असं वाटत नाही.

मधल्या पिढ्या भराभर सांगून टाकायला हरकत नाही. पहिल्या शहाजींनंतर १७८९ मध्ये फत्तेसिंह आणि तुळाजी या भावांत तंटा लागला. दुसरे फत्तेसिंह गादीवर राहिले आणि तुळाजींच्या वाट्याला खटावकडचं कुर्ला गाव आलं. १८२० मध्ये इंग्रजांशी करार झाला: मुलूख राहील, बदल्यात घोडेस्वार पुरवायचे. १८६८ साली स्वारांची अट जाऊन त्याजागी दरसाल १४,५९२ रुपये भरायचे ठरले. तलवारीचं इमान असं रुपयांत मोजलं गेलं आणि आकडा गॅझेटियरात छापला गेला. संस्थान तसं आटोपशीर, ४९८ चौरस मैल. अक्कलकोटपासून दूर माळशिरसकडे पिलीवची काही गावंही त्यातच मोडत. १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या भरली ८२,०४७.

यातल्या एका राजाजवळ मात्र थांबायला हवं. दुसरे मालोजीराजे १८५७ साली गादीवर बसले, आणि जवळपास त्याच सुमारास एक अवलिया खंडोबाच्या देवळापाशी येऊन टेकला. पुढची एकवीस-बावीस वर्षं तो अक्कलकोटातून हलला नाही. राहिला चोळप्पांच्या घरी, राजवाड्यात नाही. मालोजीराजे त्याच्या दर्शनाला जात. भक्तमंडळींत अजून सांगतात की राजा एकदा हत्ती-घोड्यांच्या लवाजम्यानिशी आला तेव्हा स्वामींनी त्याला थोबाडीत दिली आणि पगडी खाली पडली. त्यानंतर तो साधेपणानं येऊ लागला. घडलं असेल-नसेल, पण अक्कलकोटनं ही कथा जपली यातच खूप काही आहे. राजघराण्याच्या गावानं राजाचा अपमान दीडशे वर्षं प्रेमानं सांगितला आणि राजघराण्यानंही तो पुसायला लावला नाही.

याच मालोजीराजांना १८६६ साली गैरकारभाराच्या कारणावरून इंग्रजांनी बाजूला केलं. १८७० मध्ये ते वारले. कारभार सरकारी अधिकाऱ्यांकडे राहिला तो तिसऱ्या शहाजींना १८९१ मध्ये अधिकार मिळेपर्यंत. म्हणजे स्वामींच्या अक्कलकोटातल्या वास्तव्याची निम्म्याहून अधिक वर्षं गावात राजा असा हुकमी नव्हताच. ३० एप्रिल १८७८ रोजी स्वामींनी देह ठेवला. तोवर गावाची ओळख बदलली होती. मुंबई-रायचूर रेल्वे १८७१ मध्ये पुरी झाली आणि गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर अक्कलकोट रोड हे स्टेशन आलं. त्या स्टेशनावर उतरणारा उतारू पुढे पुढे दरबारासाठी नव्हे, दर्शनासाठी उतरू लागला.

विसाव्या शतकातले तिसरे फत्तेसिंहराव हे या घराण्याचं नवं रूप. दोन वर्षांचे असताना गादी आली, अधिकार मिळाले १९१६ मध्ये. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यात सेवा केली आणि कॅप्टन हा हुद्दा त्यांच्या नावामागे लागला. आयुष्य थोडं मिळालं. १९२३ मध्ये, तिशीही गाठण्याआधी ते गेले. मुलगा विजयसिंह सात-आठ वर्षांचा. संस्थानाचा कारभार त्यांच्या राणी ताराबाईंनी हाती घेतला आणि १९३६ मध्ये मुलगा कारभार पाहू लागेपर्यंत सांभाळला. ज्या घराण्याचा उगम एका विधवेच्या हातून झाला ते दोनशेहून अधिक वर्षांनी पुन्हा एका विधवेच्या हातात असं सुखरूप राहिलं. या तेरा वर्षांवर कोणीतरी नीट अभ्यास करून लिहायला हवं. सोलापुरात मार्शल लॉ लागला तो १९३० साली, आणि तेव्हा चाळीस किलोमीटरवरच्या संस्थानात एक बाई राज्य करत होती.

गावाबाहेरच्या नव्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघायला येणारे लोक असतात. शाळेच्या सहली येतात. तिथे पोरांना तोफांचं वेड, मोठ्यांना बंदुकांचं. पण थांबून पाहावी ती साधी तलवार. मुठीवर हाताचा पंजा मावेल एवढीच जागा, बोटांवरून वळसा घेऊन गेलेली लोखंडी परज, तळाशी वाटीसारखी कटोरी आणि तिच्या टोकाला पुढे आलेला बोटभर दांडा, दोन्ही हातांनी वार करायचा झाल्यास धरायला. आजच्या माणसाचा पंजा त्या मुठीत अडकतो. पकड घट्ट बसावी म्हणून मूठ मुद्दाम अशी आखूड ठेवत आणि असल्याच मुठी धरून त्रिचनापल्लीपर्यंतची मजल मारली गेली होती, हे त्या मुठीपाशी उभं राहिल्यावर समजतं.

मराठी सरदारांना सरळ, लांब पात्याची ओढ होती. असली पाती युरोपातून येत, म्हणून त्या तलवारीला नावच पडलं फिरंग. पातं फिरंग्यांचं आणि मूठ इथल्या लोहाराची. गंमत अशी की त्याच काळात हंगेरीचा उमराव कमरेला वाकडी, पूर्वेकडच्या घाटाची तलवार लावून मिरवत होता. तिथल्या हुसार स्वारांकडून ती सगळ्या युरोपभर पसरली. पूर्वेची वाकडी पाती पश्चिमेला गेली, पश्चिमेची सरळ पाती इकडे आली, आणि दोन्हीकडच्या वंशजांनी ती आपल्या पूर्वजांची खास खूण म्हणून भिंतीवर टांगली. परक्याकडून घेतलेलं आपलंसं करून घेणं हा माणसांपुरता मामला नव्हता.

सोलापूर जिल्ह्यात जुनी घराणी आणखीही आहेत. करमाळ्याला रंभाजी निंबाळकर आणि त्यांचे पुत्र जानोजी यांनी किल्ला आणि कमलाभवानीचं देऊळ उभं केलं. शहाण्णव पायऱ्यांची तिथली विहीर पाहायला लोक अजून वाट वाकडी करून जातात. ते निंबाळकर निजामाच्या बाजूचे, मराठ्यांच्या विरोधात लढलेले. त्यांची दगडी कामं उरली, राज्य गेलं. अक्कलकोटचं उलट झालं. वास्तू फार जुन्या नाहीत, किल्ल्याचा दबदबा नाही, पण माणसांची साखळी तुटली नाही.

८ मार्च १९४८ रोजी अक्कलकोट मुंबई राज्यात विलीन झालं. हंगेरीत उमरावांच्या पदव्या रद्द करणारा कायदा त्याच्या आदल्या वर्षी, १९४७ मध्ये झाला होता. तिथे पुढे आलेल्या राजवटीनं १९५१ साली एस्टरहाझींच्या एका कुटुंबाला बुडापेस्टमधून उचलून खेड्यात धाडलं. त्या कुटुंबातलं तान्हं पोर, पेटेर, पुढे मोठा लेखक झाला. आपल्या घराण्यावर त्यानं 'हार्मोनिया सेलेस्टिस' ही भलीथोरली कादंबरी लिहिली, २००० साली. ती छापून होतेय तोच त्याला कळलं की आपला बाप गुप्त पोलिसांना खबरा देत होता, आणि मग त्यानं ते सगळं मान्य करणारं दुसरं पुस्तक लिहिलं. घराण्याच्या इतिहासाशी असं समोरासमोर भिडणं आपल्याकडे क्वचितच होतं. संस्थानिकांवरची आपली पुस्तकं बहुतेक गौरवग्रंथ असतात, नाहीतर विलासाच्या चुरचुरीत कथा. ज्या मालोजीराजांना गैरकारभारासाठी काढलं आणि जे स्वामींच्या दर्शनाला जात ते एकच होते, आणि त्यांना पुरं सांगणारा मराठी लेखक अजून यायचा आहे.

अक्कलकोटात राजवट शांतपणे गेली. विजयसिंहराव १९५२ साली वारले. पुढे १९७१ मध्ये तनखेही बंद झाले. पण घराण्याचा आणि गावाचा संबंध तुटला नाही. भोसल्यांना लोक अजून राजेच म्हणतात. गावातल्या चौकाला, मैदानाला फत्तेसिंहांचं नाव आहे. रिक्षावाला 'फत्तेसिंह चौक' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वडाप गाड्यांची रांग असते. त्या नावात १७०७ ची एक लढाई आहे, एक मेलेला पाटील आहे, आणि नवऱ्याच्या चितेआधी लेकराचा विचार करणारी त्याची बायको आहे.

दुपारी बाराच्या पुढे अन्नछत्राकडे रांग लागते. १९८८ पासून ते चालू आहे. पंगतीत कोण कुठला हे विचारत नाहीत. शेजारी बसलेली कलबुर्गीची म्हातारी पुरीचा तुकडा मोडून मांडीवरच्या नातवाच्या तोंडात घालते. नातू मान फिरवतो आणि पलीकडे बसलेल्या अनोळखी बाईच्या पदराला धरतो. ती बाई हसते, स्वतःच्या पानातला भात कालवते आणि त्याला भरवायला घेते. म्हातारी कानडीत काहीतरी म्हणते, बाई मराठीत 'असू दे, माझ्याकडं राहू दे' म्हणते, आणि वाढपी पुढच्या पानाकडे सरकतो.